पहिलं रिमोट हेलिकॉप्टर: खान्देशात घ्यायचं तर कोणतं?

‘हेलिकॉप्टर घ्यायचंय’ असं कुणी म्हटलं की मी आधी एवढंच विचारतो: उडवणार कुठे? बजेट किती, कंपनी कोणती, हे नंतर. हॉलमध्ये, गच्चीवर की वावरात, यावरच निम्मा निर्णय होऊन जातो. उरलेला निम्मा सुट्या भागांवर. पुण्या-मुंबईच्या माणसाचं पातं मोडलं तर तो हॉबीच्या दुकानात जाऊन नवं आणू शकतो. आपल्याकडे जळगाव असो, धुळे असो की शहादा, पातं बहुतेक वेळा कुरिअरनेच येणार. वर आपला वारा आणि आपलं ऊन. त्यामुळे व्हिडिओत कुणी ‘नंबर वन’ म्हणून दाखवलेलं मॉडेल इथे नंबर वन ठरेलच असं नाही.

घाईत असाल तर उत्तर आधीच देतो. बारा-चौदा वर्षांपुढच्या कुणालाही: २.४ गिगाहर्ट्झचं (रेडिओवर चालणारं), चार चॅनेलचं (चार स्वतंत्र हालचालींचं), एकाच मुख्य पंख्याचं, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन पक्का असलेलं), तळहातापेक्षा थोडं मोठं हेलिकॉप्टर, आणि त्याच ऑर्डरमध्ये त्याचे सुटे भाग. आठ-दहा वर्षांच्या पोराला: एकावर एक दोन पंख्यांचं कोअ‍ॅक्सियल. कलेक्टिव्ह पिच (उडताना पात्यांचा कोन बदलणारं) कुणालाच नको, निदान पहिलं म्हणून नको. कारणं पुढे देतो.

१. आधी जागा ठरवा

घरात उडवायचं तर साधारण बारा बाय पंधरा फुटांची मोकळी खोली हवी. छताचा पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात हे ऐकून घरचे तुम्हालाच बाहेर काढतील, पण इलाज नाही. पन्नास-साठ ग्रॅमच्या यंत्राला कूलरचा झोत म्हणजे वादळ. भिंतीपासून चार-पाच फूट लांब राहा. पंख्याने खाली ढकललेली हवा भिंतीला आपटून परत वर येते आणि हेलिकॉप्टर भिंतीकडे ओढल्यासारखं होतं. लग्नसराई नसताना गावातलं मंगल कार्यालय किंवा सुटीत शाळेचा हॉल मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरचा कुणी सांगणार नाही. वेचणीनंतर घरात कापूस भरलेला असेल, तर त्या खोलीत उडवू नका. कापसाचा तंतू शेपटीच्या छोट्या मोटरच्या दांड्याला गुंडाळला जातो, मोटर अडखळते, तापते आणि जळते. बायकांच्या लांब केसांचंही तेच. दर दोन-तीन उड्डाणांनंतर शेपटीचं पातं हाताने फिरवून बघा. जड वाटलं तर चिमट्याने तंतू काढा. मग पातं फुंकरीनेही फिरायला हवं.

बाहेर उडवायचं तर आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ सूर्योदयानंतरचा तास-दीड तास. म्हणजे भरीत पार्टीला वावरात जाणारच असाल तर भट्टी पेटायच्या आधी उडवून घ्या. वारा मोजायला यंत्र लागत नाही, केळीची बाग पुरते. पान नुसतं थरथरत असेल तर छोटं हेलिकॉप्टर उडवता येईल. पान वर उचललं जाऊन उलटं व्हायला लागलं, चिरलेल्या पट्ट्या फडफडायला लागल्या, की खोकं बंद करायचं. बागेभोवती लावलेल्या शेवरीच्या आडोशाला हवा शांत वाटते, पण ती शेवरीच्या उंचीपर्यंतच. हेलिकॉप्टर तिच्या शेंड्यावर गेलं की झोत लागतो आणि ते सरळ शेजारच्या वावरात. आडोशाला असाल तर डोक्याच्या वर जाऊ नका.

जून ते ऑगस्ट बाहेरचं विसराच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. एप्रिल-मेत वारा सकाळी कमी असतो, पण दुपारी तापलेल्या काळ्या रानावर वावटळी उठतात. शिवाय पंधरा अंशांच्या थंड सकाळी जेवढी दाट हवा असते, त्यापेक्षा पंचेचाळीस अंशांत ती नऊ-दहा टक्क्यांनी विरळ होते. समुद्रसपाटीपासून तोरणमाळच्या उंचीवर गेल्यासारखाच हा फरक. तेवढंच वजन उचलायला पंख्याला जास्त फिरावं लागतं, मोटर जास्त तापते आणि बॅटरी लवकर बसते. उन्हाळ्यात हेलिकॉप्टर ‘जोर धरत नाही’ म्हणून विकणाऱ्याशी भांडण्याआधी एकदा पहाटे उडवून बघा.

नियमांचंही इथेच उरकतो. ‘ड्रोन नियम २०२१’नुसार २५० ग्रॅम किंवा त्याहून हलकं यान नॅनो गटात येतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण कुठेही उडवा असा त्याचा अर्थ नाही. ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावर हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांचा नकाशा आहे, तो आपल्या गावासाठी उघडून बघा. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. जळगावचं विमानतळ शहराला लागून आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरला विमान चालवण्याचं प्रशिक्षण चालतं. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र यांच्या आसपास तर खोकंसुद्धा उघडू नका.

२. खोक्यावरचं वाचायला शिका

दुकानातला संवाद ठरलेला असतो. ‘भाऊ, हे बाहेर उडतं ना?’ ‘उडतं ना दादा, का नाही!’ तो खोटं बोलत असतो असं नाही. त्याने ते दुकानाबाहेर कधी नेलेलंच नसतं. म्हणून स्वतः तीन गोष्टी बघा.

पहिली, रिमोट कशावर चालतो. स्वस्तातली बरीच हेलिकॉप्टरं इन्फ्रारेडवर चालतात, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचं तंत्र. पल्ला दहाएक मीटर, आणि सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असल्यामुळे बाहेर गेल्यावर हेलिकॉप्टरला रिमोट ‘दिसतच’ नाही. रिमोटच्या पुढच्या बाजूला छोटे दिवे बसवलेली काळी काच असेल तर समजा, हे घरातलंच. खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ किंवा २.४जी लिहिलेलं असेल तर रेडिओवर चालतं. ऊन असो, सावली असो, फरक पडत नाही.

दुसरी, चॅनेल किती. चॅनेल म्हणजे स्वतंत्रपणे ताब्यात असलेली एक हालचाल. तीन चॅनेलमध्ये वर-खाली, नाक डावीकडे-उजवीकडे वळवणं आणि पुढे-मागे एवढंच येतं. चौथ्या चॅनेलने हेलिकॉप्टर नाक न वळवता कुशीला सरकतं, आणि वाऱ्याने ढकललेलं परत आणायला नेमकं हेच लागतं. काही खोक्यांवर ‘साडेतीन चॅनेल’ छापलेलं असतं. त्यातलं अर्धं चॅनेल जाहिरातवाल्याचं.

तिसरी खूण शेपटीत. शेपटीवरचा छोटा पंखा छताकडे तोंड करून आडवा बसवलेला असेल, तर तो फक्त शेपूट वर-खाली करून हेलिकॉप्टर पुढे-मागे नेतो. म्हणजे तीन चॅनेलचं खेळणं. तोच पंखा उभा, बाजूला तोंड करून असेल, तर ती खऱ्या हेलिकॉप्टरची शेपूट. विक्रेता काहीही म्हणो, शेपूट खरं बोलते. उभी शेपूट नुसती शोभेची प्लॅस्टिकची नाही ना, तेवढं मात्र बोटाने फिरवून बघा.

३. दोन पंखे की एक?

मुख्य पंखा एका दिशेने फिरला की हेलिकॉप्टरचं अंग उलट्या दिशेने फिरू बघतं. बोअरमधली सबमर्सिबल सुरू होताना पाइपाला जो पीळ बसतो, तोच हा प्रकार. हा पीळ अडवायला एका पंख्याच्या हेलिकॉप्टरला शेपटीचा उभा पंखा लागतो. कोअ‍ॅक्सियलमध्ये एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरतात आणि पीळ आपोआप फिटतो. हे फक्त खेळण्यातलं तंत्र नाही. भारतीय नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांना असेच दोन पंखे असतात.

छोट्या कोअ‍ॅक्सियलची खुबी अशी की रिमोटची दांडी सोडली तरी ते जवळपास जागच्या जागी तरंगतं. सिमा एस१०७जी हे यातलं फार प्रसिद्ध नाव: बावीसेक सेंटिमीटर लांब, धातूचा सांगाडा, इन्फ्रारेड, तीन चॅनेल. पडूनपडूनही टिकतं. लहान पोरांना तेच द्या. मोठ्या माणसाला मात्र आठवड्याभरात कंटाळा येतो, कारण बाहेर नेता येत नाही आणि कुशीला सरकत नाही. ज्याला खरंच शिकायचंय त्याने ही पायरी गाळली तरी चालेल असं माझं मत आहे. कोअ‍ॅक्सियलपासूनच सुरुवात करा असं सांगणारेही भरपूर भेटतील. एकेरी पंख्याच्या छोट्या हेलिकॉप्टरांत चांगले जायरो (कलणं आणि वळणं ओळखणारे सेन्सर) नव्हते तेव्हा ते बरोबर होतं.

आता एकेरी पंखा, चार चॅनेल, फिक्स्ड पिच. यात पात्यांचा कोन पक्का असतो आणि वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा. डब्ल्यूएलटॉईजचं व्ही९११एस हे या गटातलं ठळक उदाहरण. आत सहा अक्षांचा जायरो असतो. तुम्ही दांडी सोडली की तो यंत्र पुन्हा सपाट करतो. सपाट करतो म्हणजे थांबवतो असं नाही. ज्या दिशेला सरकत होतं तिकडे ते सरकतच राहतं आणि ते तुम्हालाच रोखावं लागतं. शिकणं ते हेच. हलकं असल्यामुळे पडलं तरी सहसा मोडत नाही.

नव्या काही मॉडेलांत बॅरोमीटर असतो, त्याने उंची आपोआप धरली जाते. दांडी मधोमध ठेवली की आहे तिथेच. पहिल्या दिवशी फार बरं वाटतं. पण थ्रॉटलवरचा, म्हणजे वर-खाली नेणाऱ्या दांडीवरचा, हात तयार होत नाही, आणि पुढच्या हेलिकॉप्टरला सगळा खेळ थ्रॉटलचाच असतो. घरातल्या एखाद्याला कधीतरी मजा म्हणून उडवायचं असेल तर हे घ्या, छंद पुढे न्यायचा असेल तर साधंच घ्या.

राहिलं कलेक्टिव्ह पिच. यात पंख्याचा वेग साधारण तोच राहतो आणि पात्यांचा कोन बदलतो, अगदी उलटासुद्धा, म्हणून ते पोट वर करून, उलथं होऊन उडू शकतं. व्हिडिओत बघून सगळे भाळतात ते यालाच. एक्सके के११०सारखी छोटी मॉडेलं दिसायला निरागस असतात, पण हात दचकला तर तुम्हाला काय झालं हे कळायच्या आत जमिनीवर. मोठ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ४५० आकाराच्या हेलिकॉप्टरचा पंखा साधारण सत्तर सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. म्हणजे पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. कुणी ‘वापरलेलं आहे, स्वस्तात देतो’ म्हणून असलं हेलिकॉप्टर गळ्यात मारत असेल तर दोन्ही हात जोडा आणि घरी या.

४. ऑर्डर देताना

मॉडेल आवडलं की ते विकत घेण्याआधी त्याच्या पात्यांचा सेट शोधा. पाती, शेपटीचं पातं, मुख्य गिअर, मधला दांडा, कॅनोपी (पुढचं रंगीत कवच), खालचे पाय आणि बॅटरी हे सगळं भारतात साठा असलेल्या विक्रेत्याकडे सुटं मिळत असेल तरच हेलिकॉप्टर घ्या. मिळत नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी. मी एकूण बजेटचे तीन भाग करायला सांगतो: दोन भागांत हेलिकॉप्टर, तिसऱ्यात मुख्य पात्यांचे दोन सेट, शेपटीची दोन पाती, एक गिअर आणि जादा दोन बॅटऱ्या. पाच-आठ मिनिटांच्या उड्डाणानंतर तासभर चार्जिंगची वाट बघत बसलात तर हात बसणार कधी?

परदेशी संकेतस्थळावरून मागवताना सांभाळा. फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर भारतात बंदी आहे, आणि तुमचं पार्सल ड्रोन आहे की खेळणं याचा निवाडा कस्टम्सच्या टेबलावर होतो.

रिमोट ‘मोड २’चा आहे ना ते बघा: डाव्या दांडीवर थ्रॉटल आणि नाक वळवणं, उजवीवर पुढे-मागे आणि कुशीला सरकणं. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वापरतात, त्यामुळे कुणाची मदत घेणं सोपं जातं. रंगाचा विचार करा. हिरवी कॅनोपी केळीत गेली की गेली, आणि वेचणीच्या दिवसांत पांढरी कॅनोपी कपाशीत शोधून दाखवा. भगवा किंवा भडक पिवळा उत्तम.

तार तुटली, कनेक्टर निखळला तर हेलिकॉप्टर परत पाठवायची गरज नसते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावात मोबाईल दुरुस्त करणारा कुणीही कारागीर इतक्या बारीक तारेला डाग देऊ शकतो. त्याला फक्त आधी सांगा की बॅटरी काढलेली आहे, आणि खरंच काढून ठेवा. मोडलेलं पातं मात्र फेविक्विकने चिकटवू नका. पात्याचं वजन बदलतं, थरथर सुरू होते, जायरो गोंधळतो आणि चांगलं हेलिकॉप्टरही पिसाळल्यासारखं वागतं.

५. बॅटरी

या हेलिकॉप्टरांत लिथियम पॉलिमर म्हणजे लिपो बॅटरी असते. एका सेलचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि ३ च्या खाली गेली की ती कायमची बिघडते. म्हणून हेलिकॉप्टर खाली बसायला लागलं, तेवढ्याच उंचीला जास्त थ्रॉटल लागायला लागलं किंवा दिवा लुकलुकला की उतरवा. ‘अजून एक चक्कर’ नको. उतरल्यावर ती गरम असते, वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या, मगच चार्जिंगला लावा. चार्जिंग शहाबादी फरशीवरच करा, तेही तुम्ही समोर असताना; गादीवर किंवा लाकडी दिवाणावर नको. लोडशेडिंगमुळे रात्री लाइट येईल तेव्हा भरत राहील म्हणून लावून झोपायचं, ही आपली मोटर-पंपाची सवय इथे चालत नाही.

बंद मोटारीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका. मेच्या दुपारी आत केवढं तापतं ते तुम्हाला माहीत आहे. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यासोबत पेटवायची तर मुळीच नाही. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पावसाळाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास, साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा.

६. पहिली उड्डाणं

क्रम पाठ करा. थ्रॉटल खाली, आधी रिमोट चालू, मग हेलिकॉप्टरला बॅटरी जोडायची. हेलिकॉप्टर सपाट जागी ठेवून दोन-चार सेकंद हात लावायचा नाही, कारण जायरो तेव्हा आपला सपाटपणा ठरवत असतो. उतरल्यावर उलटं: आधी बॅटरी काढा, मग रिमोट बंद.

हेलिकॉप्टरची शेपूट तुमच्याकडे, नाक पुढे. तुम्ही आठ-दहा फूट मागे उभे, प्रेक्षक तुमच्याही मागे. पोरं जमणारच, ‘काय करी ऱ्हायना भो?’ विचारणारे आप्पाही येणार. सगळ्यांना मागे उभं करा आणि मगच थ्रॉटल द्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर यंत्र सगळ्यात जास्त डगमगतं, कारण पंख्याची हवा जमिनीवर आपटून परत त्याच्याच खाली येते. नवखा माणूस घाबरून नेमका तिथेच रेंगाळतो. तसं करू नका. थ्रॉटल ठामपणे वाढवून कमरेइतकं वर न्या, तिथे ते शांत होतं.

आता एकच काम: एका जागी ठेवायचं. उजवीकडे सरकलं तर डावीकडे दांडी दाबून धरायची नाही. टिचकी द्यायची, सोडायची, बघायचं, पुन्हा टिचकी. सतत एकाच बाजूला सरकत असेल तर रिमोटवरचं ट्रिमचं बटण त्याच्या उलट बाजूला दाबा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: आपटणार असं वाटलं की लगेच थ्रॉटल शून्य. हाताची ओढ उलटी असते, घाबरला की माणूस थ्रॉटल वाढवतो. पाती जमिनीत अडकली आणि मोटर फिरत राहिली तर गिअरचे दात जातात किंवा मोटर जळते. थांबलेला पंखा आपटला तर बहुधा काहीच होत नाही. बसल्या बसल्या, बॅटरी न जोडता, नुसता थ्रॉटल खाली ओढायचा सराव केला तरी उपयोग होतो.

शेपूट आपल्याकडे ठेवून एक बॅटरी संपेपर्यंत टेबलाएवढ्या जागेत तरंगत ठेवता आलं, की बाजू बदला: डावी कूस तुमच्याकडे, मग उजवी. नाक तुमच्याकडे ही सगळ्यात अवघड अवस्था, कारण वर-खाली सोडलं तर तुमच्या नजरेला सगळंच उलटं होतं: हेलिकॉप्टरचं डावं म्हणजे तुमचं उजवं. इथे बरेच जण अडतात. संगणक असेल तर सिम्युलेटरवर सराव करा, तिथे पाती मोडत नाहीत.

नाक समोर ठेवून बिनधास्त तरंगता आलं, वाऱ्याच्या झुळकीत आठचा आकडा काढता आला, की मग कलेक्टिव्ह पिचच्या किमती बघायला हरकत नाही. तेव्हाही छोटं, ज्यात आपोआप सपाट होणारा मोड चालू-बंद करता येतो असं घ्या, आणि पहिले काही दिवस तो मोड चालूच ठेवा.